वाचक विचारतात : आमदारानं सभागृहात नेमकं काय केलं, हे कळणार कसं?

प्रश्न : आमच्या आमदारांचा गावात कार्यक्रम झाला. माईकवर म्हणले, शेतकऱ्याच्या विरोधातल्या एकाबी कायद्याला मी सभागृहात हात वर केला नाही. पोरं टाळ्या वाजवायली. मी घरी येऊन मोबाईलवर लई शोधलं, कोण्या आमदारानं कोणत्या कायद्याला मत दिलं ह्याची यादीच सापडंना. अशी यादी असतीय का नाही, का आम्हालाच शोधता येईना?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : तुमच्या शोधण्यात काही कमी नाही. ती यादी बहुतेक वेळा तयारच होत नाही, आणि आमदारसाहेबांना हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं म्हणूनच एवढ्या जोरात बोलता येतं.

विधानसभेत विधेयक मताला टाकतात तेव्हा अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, मग दोन्हीकडून आवाज येतो, 'होयचे बहुमत' म्हणलं की विधेयक संमत. ह्याला आवाजी मतदान म्हणतात. कोण होय म्हणलं, कोण गप बसलं, कोण त्या वेळी कँटीनमध्ये चहा पीत होतं, ह्याची नावानिशी नोंद होत नाही. आमदार 288, पण कामकाज चालवायला एक दशांश म्हणजे 29 जण हजर असले तरी कोरम भरतो, त्यामुळे रात्री उशिरा एकामागं एक विधेयकं निघायली की सभागृहात किती बाकं रिकामी असतात ते यूट्यूबवर थेट प्रक्षेपण बघा, स्वतःच दिसंल.

ताजं उदाहरण घ्या. 10 जुलै 2025 ला विशेष जनसुरक्षा विधेयक, म्हणजे कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठीचं विधेयक, विधानसभेत आलं आणि आवाजी मतदानानं संमत झालं. विरोधी बाकावरचे लोक बोलले, शंका काढल्या, पण उघड आणि ठाम विरोध नोंदवला म्हणून दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं ते एकाच आमदाराचं, डहाणूचे माकपचे विनोद निकोले. पुढं त्याच कायद्याच्या विरोधात विरोधी पक्ष रस्त्यावर आले. आता रस्त्यावर आलेला आमदार 10 जुलैला सभागृहात 'नाही' म्हणला होता का, हे मतदानाच्या नोंदीवरून तुम्हाला शोधता यायचं नाही, कारण नावांची नोंदच नाही. मतविभागणी, म्हणजे एकेकाचं मत वेगळं मोजणं, मागितली असती तर नावं आली असती. ती मागण्याचा हक्क सदस्यांना असतो, म्हणून माझं मत असं की विरोध खरा असला आणि मतविभागणी मागितली नसली तर तो विरोध अर्धाच झाला.

मतविभागणी होते तेव्हा मात्र सगळं उघडं पडतं. घंटा वाजते, ठराविक वेळानंतर दारं बंद होतात, मग एकेक आमदार उभा राहून मोजला जातो. 4 जुलै 2022 चा एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आठवा, बाजूनं 164, विरोधात 99. आपल्या मराठवाड्याला त्या दोन दिवसांत फार शिकण्यासारखं होतं. कळमनुरीचे संतोष बांगर 3 जुलैला अध्यक्षांच्या निवडणुकीत ठाकरे गटाच्या उमेदवाराबरोबर होते, त्याच्या थोडे दिवस आधी हिंगोलीत शिवसैनिकांपुढं रडले होते, आणि 4 जुलैला त्यांचं मत शिंद्यांच्या बाजूनं पडलं. धाराशिवचे कैलास पाटील सुरतेच्या रस्त्यावरून परत फिरले आणि ठाकऱ्यांकडंच राहिले. अशोक चव्हाणांना त्या दिवशी सभागृहात पोचायला उशीर झाला, दार बंद झालं होतं, मत देता आलं नाही. कुणी बरोबर, कुणी चूक हे तुमचं तुम्ही ठरवा, पण इथं वाद घालायला जागा राहत नाही, मोजणी झाली आणि ती छापली गेली.

आता दुसरी गोची. मराठवाड्यात ज्या विषयांवरून सगळ्यात जास्त तापतं त्यात मतदान एकमतानंच होतं. मराठा आरक्षणाचा कायदा नोव्हेंबर 2018 मध्ये एकमतानं झाला, तो 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टात टिकला नाही, मग 20 फेब्रुवारी 2024 ला विशेष अधिवेशनात 10 टक्क्यांचा नवा कायदा आला, तोही एकमतानं. म्हणजे 'मी आरक्षणाला मत दिलं' असं प्रत्येक आमदार सांगू शकतो आणि कुणीच खोटं बोलत नसतो. त्याहून जुनं बघायचं तर नामांतराचं बघा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 ला केला आणि तो प्रत्यक्षात आला 14 जानेवारी 1994 ला, नामविस्तार म्हणून. मधल्या साडेपंधरा वर्षांत गावंच्या गावं होरपळली. तेव्हा आपल्या भागातल्या कोणत्या पुढाऱ्यानं मुंबईत हात वर केला आणि जिल्ह्यात येऊन काय भाषण ठोकलं, हे त्या पिढीतल्या माणसांना अजून तोंडपाठ आहे, मतांची यादी नसताना.

म्हणून यादी मागण्यापेक्षा त्यांना असं विचारा : विधेयकावर तुम्ही बोललात का, बोललात तर काय, दुरुस्ती सुचवली का, मतविभागणी मागितली का, का नुसताच सभात्याग केला. सभात्याग टीव्हीवर लई छान दिसतो, पण बाहेर गेलेल्या माणसाचं विरोधातलं मत पडत नाही आणि विधेयक आणखी पटकन संमत होतं. कामकाजाचे वृत्तांत विधिमंडळाच्या वेबसाईटवर टाकतात, त्यात कोण काय बोललं ते नावानिशी असतं. वाचायला कंटाळा येतो, मान्य. पण तुमच्या आमदाराचं नाव अख्ख्या अधिवेशनात कुठं कुठं येतं एवढं बघायला कॉलेजच्या दोन पोरांना सांगा, एका रविवारी उरकंल.

प्रश्न : आमदारांना पक्षाच्या विरोधात मत देता येतं का? आमचे आमदार खासगीत म्हणतात, मला पटलं नव्हतं पण व्हिप होता.
— एक वाचक, परभणी

उत्तर : व्हिप ही खरी गोष्ट आहे, सबब म्हणूनही लई चालते. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं. पक्षानं आदेश म्हणजे व्हिप काढला आणि आमदारानं उलटं मत दिलं किंवा गैरहजर राहिला, तर पक्षानं 15 दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते. जाऊ शकते म्हणलो, जाते असं नाही, कारण निर्णय अध्यक्षांच्या हातात. 2022 च्या शिवसेना फुटीत दोन्हीकडून व्हिप निघाले, सुप्रीम कोर्टानं 11 मे 2023 ला सांगितलं की शिंदे गटाच्या प्रतोदाची, म्हणजे पक्षाचा व्हिप काढणाऱ्या आमदाराची, नेमणूक बेकायदा होती, आणि तरी 10 जानेवारी 2024 ला अध्यक्षांचा निकाल आला त्यात दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. एवढं बघितल्यावर व्हिपला किती भ्यायचं ते तुम्हीच सांगा.

शिवाय व्हिप मताला असतो, तोंडाला नसतो. पक्षाबरोबर मत देऊनही भाषणात 'ह्या कलमानं माझ्या तालुक्याचं नुकसान आहे' असं म्हणता येतं, तसं म्हणणारे सत्ताधारी आमदार पूर्वीही होते आणि आजही थोडे आहेत. तुमचे आमदार जे खासगीत म्हणतात ते त्यांनी सभागृहात म्हणलंय का, एवढं शोधा.

प्रश्न : खासदारांचं पण असंच का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तिथं थोडं बरं आहे. लोकसभेतही साधी विधेयकं आवाजी मतदानानंच जातात, पण घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं म्हणून मोजणी करावीच लागते. तुमच्याच मतदारसंघाचं उदाहरण देतो. 20 सप्टेंबर 2023 ला महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 असं संमत झालं आणि त्या दोनपैकी एक मत तुमचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं होतं, दुसरं असदुद्दीन ओवैसींचं. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा कोटा नाही, हे कारण त्यांनी उघड सांगितलं होतं. पटो न पटो, बोलणं आणि मत एका रेषेत होतं. ज्यांना ते मत आवडलं नाही त्यांना निवडणुकीत ते पुढं करता आलं, ज्यांना आवडलं त्यांनाही. आमदारांच्या बाबतीत असा पुरावा आपल्या हातात फार कमी वेळा येतो, हेच तर दुखणं आहे.

खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चा हे पीआरएस ह्या संस्थेच्या वेबसाईटवर एकेकाच्या नावासमोर मिळतं. मंत्री असेल तर त्याची हजेरी त्यात धरत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर 'मंत्र्याची हजेरी शून्य' असं ग्रुपवर फिरवून बसाल.

प्रश्न : चौकात बॅनर लागलंय, 'विधानसभेत सर्वाधिक प्रश्न विचारणारे आमदार'. हे मोजायचं कसं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, छापील यादी उघडा. एका प्रश्नाखाली कधी कधी दहा-पंधरा आमदारांची नावं असतात, वेगवेगळ्या जिल्ह्यांतली, कारण एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करतात आणि सह्याही एकमेकांच्या प्रश्नावर करतात. मग प्रत्येकाच्या गावातल्या बॅनरवर तो प्रश्न त्याचा एकट्याचा होतो. त्यामुळं नुसत्या आकड्याला भुलू नका, प्रश्न पुकारल्यावर उभा राहून उपप्रश्न कुणी विचारला ते बघा, लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, कुणी लावली आणि मंत्र्याकडून आश्वासन वदवून घेतलं का ते बघा. आश्वासन दिलं की ते आश्वासन समितीकडं जातं, त्याचा पाठपुरावा करणारा आमदार भेटला तर बॅनर मी स्वतः लावतो. मुंबईतल्या आमदारांचं असं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं. लातूरसारख्या शिक्षणाच्या गावात राज्यशास्त्राच्या एखाद्या विभागानं हे काम अंगावर घ्यायला काय हरकत आहे, मला तरी कळत नाही.

प्रश्न : जायकवाडीच्या पाण्यावर आमचे सगळे आमदार एका सुरात बोलतात, मग सभागृहात एकदा मत घेऊन विषय मिटवत का नाहीत?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : कारण मत घेतलं तर पक्षच उभा चिरला जाईल. समन्यायी वाटपाचं, म्हणजे खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या भागांना पाणी न्यायानं वाटायचं, तत्त्व 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात आहे, म्हणजे सभागृहानं ते एकदा मान्य केलेलं आहे. पुढं मेंढेगिरी समितीनं सूत्र दिलं, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. आता ज्या पक्षाचा आमदार पैठणला पाणी सोडा म्हणतो त्याच पक्षाचा आमदार नगर-नाशकात सोडू नका म्हणतो. दोघं एकाच बाजूच्या बाकावर बसतात. कोणता प्रतोद ह्यावर व्हिप काढंल? म्हणून हा विषय लक्षवेधीत येतो, कोर्टात जातो, पायऱ्यांवरच्या घोषणांत येतो, मताला मात्र येत नाही. मराठवाड्याचा मागासलेपणा भरून काढायला असलेल्या वैधानिक विकास मंडळाचंही तेच. मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, आणि त्यावर आपले 46 आमदार पक्ष सोडून एकदा तरी एका ठरावासाठी उभे राहिलेले मी पाहिले नाहीत.

प्रश्न : विधान परिषदेच्या निवडणुकीत आमच्या आमदारानं मत फोडलं म्हणतात. खरं कसं कळंल?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : कळणार नाही. राज्यसभेला आमदारानं मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, 2003 पासून तसा नियम आहे. परिषदेला मतदान गुप्त असतं. जून 2022 आणि जुलै 2024, दोन्ही वेळा मतं फुटली हे बेरजेवरून दिसलं, पण कुणाची फुटली हे मतपेटी सांगत नाही. तुमच्या पत्रात तुम्ही नाव लिहिलंय, ते मी छापत नाही. त्यांनाच विचारा, उत्तर आलं तर कळवा.