विहिरीजवळचे उकिरडे, उघडा बोअर: ग्रामपंचायतीला कारवाईचा अधिकार असतो का?

तुम्ही विचारलंय की सार्वजनिक विहिरीला लागून उकिरडे आहेत, एका शेतात बंद पडलेला बोअर उघडाच आहे आणि सरपंच म्हणतात, "हे आमच्या हातात नाही." ते खरं का?

खरं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, म्हणून ठामपणे सांगते. पण बोअर हा सभेची वाट पाहण्याचा विषय नाही. आज शेतमालकाला गाठा, त्याच्यासोबत जाऊन तोंडावर जड फरशी ठेवा आणि भोवती बाभळीच्या काट्या टाका. बाकीचं उद्या. निकामी बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोटे भरून बुजवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय. गावात हे होतं की नाही यावर लक्ष ठेवायचं काम सरपंच आणि कृषी विभागाच्या अधिकाऱ्याचं. म्हणजे तुमच्या सरपंचांचंच.

उकिरड्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण मी ते भोगलंय.

ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 45 आणि त्याची ग्रामसूची काढून वाचा. कचऱ्याचे ढीग हटवणं, पडक्या विहिरी बुजवणं, धोकादायक धंद्यांना आळा घालणं, सगळं त्यात पंचायतीच्या कामांत आहे. आमच्या गावाला एका वर्षी लाल कार्ड मिळालं. आरोग्य विभाग पाण्याच्या ठिकाणांची वर्षातून दोनदा पाहणी करतो, जोखीम फार असली की लाल, मध्यम असली की पिवळं, कमी असली की हिरवं. विहिरीत सकाळीच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं होतं. जलसुरक्षकाने (गावाचं पाणी तपासणारा) माझ्यासमोर नळीत पाणी घेतलं, क्लोरिन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. क्लोरिन शिल्लक असतं तर पाणी पिवळं व्हायला हवं होतं, रंग बदललाच नाही. उकिरड्याचं पाणी झिरपून आत येत होतं आणि टाकलेलं क्लोरिन त्या घाणीतच खर्ची पडत होतं. हेच पाणी लेकरं पीत होती.

सगळ्यात मोठा उकिरडा माझ्या चुलत दिराचा. नोटीस घेऊन शिपाई गेला तर ते म्हणाले, "आज्यापासून उकिरडा इथंच हाये वयनी, आता तुमाले दिसला?" त्या पोळ्याला त्यांची बैलजोडी आमच्या दारी आली नाही. मला फार लागलं ते. तुमचे सरपंच हात झटकतात त्यामागे बहुतेक हेच असेल, कायद्याचं अज्ञान नाही. गावात नोटीस ज्याच्या नावाने काढायची त्याच्याच घरी उद्या लग्नाला जायचं असतं.

आमचं काम निघालं ते दोन गोष्टींनी. नोटीस एकट्या दिराला नाही, विहिरीभोवतीच्या सगळ्या उकिरड्यांना निघाली. आणि मासिक सभेत ठराव घेऊन खताच्या गड्ड्यांसाठी गावठाणाबाहेर जागा ठरवून दिली. शेणखत शेतकऱ्याला लागतंच. 'हलवा' म्हणताना 'कुठं' हेही सांगावं लागतं.

तुम्ही तोंडी बोलत बसू नका. ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. अर्ज मासिक सभेपुढे ठेवा, असं त्यातच लिहा. तिथे दबला तर ग्रामसभेत उभं राहून पोच वाचून दाखवा. मग बीडीओ (गटविकास अधिकारी). तरीही ढिम्म असतील तर एसडीओंकडे (उपविभागीय अधिकारी) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करता येतो. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश ते काढू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 133 ते हेच. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी याच कलमावर आपल्या नगरपालिकेविरुद्ध आदेश मिळवला होता, पालिका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असं 1980 मध्ये न्यायालयाने पालिकेला सुनावलं.

अर्जात 'घाण झाली आहे' असं मोघम लिहू नका. उकिरडा विहिरीच्या काठापासून किती पावलांवर आहे, उतार कोणीकडे, पावसाचं पाणी कुठून आत शिरतं, ते लिहा. आमच्या बायकांनी चालून मोजलं होतं, अकरा पावलं. पंचनाम्यात तोच आकडा उतरला.