आधी सॅग, मग टायर, फोर्क नंतर

नवी फुल सस्पेन्शन माउंटन बाइक (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल) घेतलीस की लगेच महागडा फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, शोधू नकोस. आधी सॅग लाव, म्हणजे तुझ्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते. हेल्मेट-बॅगसकट बस आणि मागचा शॉक किती दबला ते मोज: ५० मिमी स्ट्रोकला (शॉक पूर्ण दबू शकतो ती लांबी) १३ ते १५ मिमी. शॉक स्प्रिंगवाला असेल आणि प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणारी रिंग) दोन फेऱ्यांहून जास्त आवळावा लागला, तर कडक स्प्रिंगच घे. आवळून ती कडक होत नसते.

पैसे पहिले टायरवर. पुण्याच्या वेताळ टेकडीवर बाभळीचे काटे ट्यूबची चाळण करतात. रिमला चालत असेल तर ट्यूबलेस (ट्यूबविना टायर) कर, चाकाला साधारण १०० मिली सीलंट (भोकं आतून बुजवणारं द्रव). उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी बघ.

मागून करकर आली तर पिव्होटचे (मागची फ्रेम हलते त्या सांध्यांचे) बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच आवळ. आणि पावसाळ्यात प्रेशरचं पाणी बेअरिंगवर अजिबात नको, ग्रीस निघून जातं.