मुलाचं सिरप आणि गिनीपिग

प्रश्न : आमच्या दोन गिनीपिगपैकी एकीला शिंका येत होत्या. मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप ड्रॉपरने पाजलं. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले, पाचव्या दिवशी ती गेली. मुलगा त्याच औषधाने बरा झाला, मग तिचं असं का झालं? आता दुसरीही शिंकते आहे.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मी पशुवैद्य. प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात २१ वर्षं काढली. थोडं कमी पाजलं असतंत तरी धोका होताच.

गिनीपिगचं गवत पचवतात ते तिच्या आतड्यातले जिवाणू, आणि त्यातले बहुतेक पेनिसिलिनच्या कुळातल्या, म्हणजे अमॉक्सिसिलिनसारख्या औषधांनी मरतात. मग त्या मोकळ्या जागेत विष सोडणारे क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू माजतात. पेनिसिलिन गिनीपिगना मारतं, हे १९४३ सालीच लक्षात आलं होतं. ऑक्सफर्डमध्ये २५ मे १९४० रोजी त्याची कसोटी घेतली ती ८ उंदरांवर. औषध मिळालेले ४ जगले. तिथे गिनीपिग घेतले असते तर, या विचाराने मला आजही धस्स होतं.

उंदीर सहसा मरत नाही, पण आतून बदलतो. पाण्यातून चार-चार अँटिबायोटिक दिलेल्या उंदराचं पोट मी उघडलंय. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असते ती पिशवी, सीकम, फुग्यासारखी तट्ट फुगलेली; भिंत इतकी पातळ की आतलं दिसावं, आणि लगद्याच्या जागी नुसतं पाणी. शिकागोत १९५४ साली दाखवलं गेलं, की एरवी उंदराला साल्मोनेलाची बाधा व्हायला सुमारे १ लाख जिवाणू लागतात. स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच डोस तोंडावाटे दिला की १० सुद्धा पुरतात. आतड्यातले जिवाणू असा पहारा देत असतात. औषध थांबलं की आम्ही त्या पिंजऱ्यात निरोगी उंदरांचा वापरलेला भुसा टाकायचो. उंदीर लेंड्या खातात, त्यातून जिवाणू परततात.

दुसरीला आजच डॉक्टरांकडे न्या. अँटिबायोटिक लागलंच तर ते बहुधा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम देतील, तेही वजन करून. तोवर वाळलं गवत सतत समोर असू द्या. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड द्या. आणि उरलेलं सिरप आजच टाकून द्या.