घोषणा आणि अधिसूचना

प्रिय लेकरा,

सभेहून आल्या-आल्या लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. आता कुणीतरी या बड्यांना जागा दाखवणार, असं तुला वाटतंय. राग खरा आहे तुझा. शेती आतबट्ट्याची, शहरात कंत्राटी नोकरी, आणि 1991 च्या उदारीकरणापासून ऐकतोय की वर पैसा साचला की खाली झिरपेल. आपल्याकडं झिरपायचं राहिलं, टँकरवाले तेवढे वाढले.

2008 ला अमेरिकेत बँका बुडायला लागल्या, तेव्हा सरकारनं 700 अब्ज डॉलरची तजवीज केली. हप्ते थकलेल्यांची घरं मात्र गेली. त्या संतापाचा मोठा वाटा ट्रम्प यांच्या 2016 च्या विजयात होता. बंद कारखान्यांतल्या कामगारांचे कैवारी म्हणून ते आले. पुढच्याच वर्षी कंपन्यांवरचा कर 35 टक्क्यांवरून 21 वर आला. सभांमध्ये शिव्या स्थलांतरितांना, नफा भागधारकांना. आपल्याकडंही सप्टेंबर 2019 मध्ये, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्के झाला. कुठल्या सभेत ऐकलंस का हे?

आता कापूस घे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या बऱ्याचशा मालावर 50 टक्के शुल्क लावलं. कापड गिरण्या अडचणीत येणार म्हणून दिल्लीनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरणी कामगारालाही पोट आहे, मान्य. पण ऐन वेचणीत परभणीकडच्या मानवत-सेलूच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं? लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, आणि व्यापारी त्याच्या खाली मागत होते. सभेत देशाभिमानाची घोषणा देणाऱ्यांत हाच शेतकरी पुढं होता, म्हणून मला जास्त लागलं.

बडे फक्त मुंबई-दिल्लीतच असतात असं धरू नकोस. स्टेजवर मधल्या खुर्चीत कोण होतं ते आठव. साखर कारखाना त्याचा, कॉलेज त्याचं, जिल्हा बँकेत भाचा. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं 14 दिवसांत उसाचे पैसे द्यावे लागतात. पुढच्या सभेत हात वर करून एवढंच विचार, गेल्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, किती तारखेला दिली? पाकिस्तानवर गेला तर टोकायचं, साहेब, तारीख.

आणि टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांना अडाणी म्हणू नकोस. त्यांच्या घरची पावती आणि तुझ्या घरची पावती एकाच कारखान्याची आहे. दोन्ही घेऊन बसा, मग मला फोन करा.

तुझा,
सर