चहाच्या कपाटाची किल्ली

*"ताई, जय ख्रिस्त. मी कोल्हापूरची, वय 52. आमच्या मंडळीत 14 वर्षं रविवारच्या उपासनेनंतरचा चहा आणि सणावाराचं जेवण मी बघते. मंगळवारी आजाऱ्यांच्या भेटीही असतात. शेवटचं गीत सुरू झालं की मी उठून गॅस पेटवायला जाते. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. 2019 च्या महापुरात शाहूपुरीतली माणसं आमच्या हॉलमध्ये राहिली, तेव्हा मात्र कपाट आठ दिवस उघडंच होतं. कुणीही यायचं, भात टाकायचं. ते दिवस फार आठवतात. मागच्या महिन्यात तीन रात्री विश्वास नव्याने पेटवायच्या संजीवन सभा झाल्या. लोक रडले, साक्षी दिल्या, तरुण संघाची पोरं मध्यरात्र उलटून गेली तरी प्रार्थनेत. मला काहीच झालं नाही. पुढच्या रविवारी कप विसळायला मी एकटीच. वर त्यातली एक पोरगी म्हणते, 'आंटी, तुम्ही कामातच अडकलाय, तुमच्यात आग नाही.' किल्ली मंडळीच्या पंचांपुढे टाकून घरी बसावं असं वाटतंय. माझा विश्वास विझलाय का?"*

ताई, जय ख्रिस्त.

आधी त्या पोरीचं बघू. ती चुकलीच. सभेच्या तिसऱ्या रात्री माणसाला सगळ्या जगाचं तापमान आपल्याला कळतं असं वाटतं. विशीत मीही एका वडीलजनांना असंच काहीबाही बोलले होते आणि ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या तापतात. तिलाही कळेल, पण तुमच्या पत्रातला राग वाचता, ती शिकेपर्यंत थांबायची तुमची तयारी दिसत नाही.

तुम्हाला रडू आलं नाही, याचा मी फार विचार करणार नाही. कुणाला लग्नाच्या मांडवातही रडू येतं, कुणाला मयतीलाही येत नाही. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवन झालं, त्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या. मुली रडल्या, पापं कबूल केली, तासन्‌तास प्रार्थना केली आणि मग टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या. हे सगळं सांगतात, पण तेव्हा केडगावच्या त्या आश्रमात शेकडो तोंडं रोज जेवत होती, त्यांच्यासाठी कोण रांधत होतं, हे सांगताना मी कुणाला ऐकलं नाही.

कामात गुंतलेली मार्था आणि येशूच्या पायाशी ऐकत बसलेली मरीया यांचा उतारा तुम्हाला एव्हाना दोघा-तिघांनी ऐकवला असेल. मी तो काढत नाही. तुम्ही बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये उघडा, अध्याय 6. पन्नासाव्या दिवसाला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा आगीसारखा उतरला त्याला, फार काळ लोटलेला नाही, हजारो माणसं नव्याने आलीत, आणि भांडण कशावरून? जेवणाच्या वाटणीवरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी कुरकुर सुरू झाली. म्हणजे एवढी आग पडूनही पंगतीचा हिशेब चुकलाच. मग वाढपाला सात जण निवडले. ते कसे हवेत? पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले. ताटं वाढायला! तुमच्या तरुण संघाच्या पुढच्या बैठकीत हा अध्याय कुणीतरी वाचावा. तुम्ही मात्र वाचू नका, टोमणा होईल.

आता तुम्हाला टोचेल असं सांगते. त्याच अध्यायात प्रेषितांनी वाटणीचं काम आपल्याकडे ठेवलं नाही. दुसऱ्यांच्या हाती दिलं आणि बाजूला झाले. तुमची किल्ली 14 वर्षं एकाच पर्समध्ये आहे. कुणी मदतीला येत नाही हे खरं, पण यायचं कुठे? कपाटाला कुलूप, किल्लीवाली आत. साखर किती, आलं किती, बशा कुठल्या फळीवर, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. आवडीचं काम असं हळूहळू आपलं होतं आणि मग दुसऱ्याचं राहत नाही. पंचगंगा 55 फुटांवर गेली तेव्हा एकटीच्या आवाक्यात काही उरलं नाही, म्हणून कपाट उघडं राहिलं. तेच दिवस तुम्हाला आठवतात, याचा जरा विचार करा.

आणि गीत सुरू झालं की तुम्ही उठता. म्हणजे 14 वर्षं उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद तुम्ही गॅसपाशी उभं राहून ऐकताय, तोही पाण्याला उकळी फुटली नसेल तर. पत्रातलं हेच वाक्य मी दोनदा वाचलं. विश्वास विझला म्हणू नका, तुम्ही दमलाय. शिवाय थोडी असूयाही आहे, तीही चालेल, पण तिला विश्वासाचा प्रश्न बनवू नका.

किल्ली पंचांपुढे टाकू नका. टाकली की तो तमाशा होतो, आणि मग चार महिने पाळकसाहेब तुमच्या आणि त्या पोरीच्या घरी समजुतीला येणार. त्यापेक्षा आधी पाळकसाहेबांशी एकटीने बोला, दमलेय असं सरळ सांगा. मग तरुण संघातल्या दोघांना नावानिशी विचारा. "कुणीतरी या" म्हटलं की कुणीच येत नाही, हे आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालंय. एक रविवार त्यांना शेजारी उभं करून दाखवा. दुसऱ्या रविवारी किल्ली त्यांच्या हाती देऊन तुम्ही बाकावर बसा, आशीर्वाद होईपर्यंत. चहा फिका होईल, उशिरा येईल, कपांना साबणाचा वास राहील. आत जाऊन बघायचं नाही! हे तुम्हाला सर्वांत जड जाणार आहे.

मंगळवारच्या भेटी सोडू नका. या खेपेला जाताना त्या आगवाल्या पोरीला बरोबर न्या. ज्यांच्याकडे जायचं त्यांना ऐकू कमी येत असेल, तर प्रार्थना मोठ्याने करावी लागते, हे तिला रिक्षातच सांगून ठेवा.