सेर्पेरे, सर्प आणि नागीण

‘सेर्पेरे’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ काय, ते ‘सर्प’वरून आले का आणि ‘रेपेरे’शी त्याचे नाते काय, असा प्रश्न आहे. अर्थ सोपा: सरपटणे. वेलीचे पसरणे, रोगाचे हळूहळू फैलावणे यांनाही तेच क्रियापद. ‘सेर्पेन्स’ म्हणजे सरपटणारा, अर्थात साप.

पण ‘सर्प’वरून? नाही हो! जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातूनच निघाला, हे ठासून सांगणाऱ्यांचा आता वीट आलाय. दोन्ही भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतला ‘ए’ संस्कृतात ‘अ’ झाला, लॅटिनने तो टिकवला. शब्द इथून तिकडे गेला असता, तर त्यांच्याकडेही ‘सार्पेरे’ असते. ‘सर्प’चा संस्कृत धातू ‘सृप्’ आणि ‘सेर्पेरे’ ही भावंडे आहेत, मायलेकरे नव्हेत. तिथे न्यायाधीश असलेल्या संस्कृतच्या अभ्यासक विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे मूळ एकच असावे आणि ते कदाचित आज उरलेही नसेल, असे सांगितले होते. ‘कदाचित उरले नसेल’ एवढेच आपण सोयीने गाळतो.

खरी मजा तिसऱ्या भावंडाची. आरंभीच्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ होतो: सप्त, सेप्टेम, हेप्टा. (फारसीचीही तीच खोड, म्हणून आपला सप्ताह देवळात आणि हप्ता बँकेत.) तेव्हा सेर्पेरेचे ग्रीक रूप ‘हेर्पेइन’, आणि त्यावरून हर्पिस, सरपटत जाणारा रोग. त्यातल्या ‘हर्पिस झोस्टर’ला आपण काय म्हणतो? नागीण! पुस्तकी मंडळी हा शब्द अडाणी समजून टाळतात. मला तो ग्रीक नावाच्या तोडीचा वाटतो. चरकसंहितेतला ‘विसर्प’ हा आजार वेगळा, पण पसरणाऱ्या रोगाच्या नावात ‘सृप्’ तिथेही आहेच.

नागिणीचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनीही लिहितो की झोस्टरने कमरेला पुरता वेढा घातला की तो जीव घेतो. झोस्टर म्हणजे ग्रीकमध्ये कमरपट्टाच. एकाने दुसऱ्याचे ऐकले असेल असे मला वाटत नाही. पुरळाचा तो पट्टा पाहिला की कुणालाही हेच सुचेल. प्रत्यक्षात तो बहुधा अंगाच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठतो, त्यामुळे वेढा पुरा होत नाही.

हां, ‘रेपेरे’. त्याचाही अर्थ सरपटणे, ‘रेप्टाइल’ त्यातलेच. अक्षरे उलटसुलट करून काही जण दोन्ही धातू एकच ठरवतात. याच भाषाकुळातल्या लिथुएनियन भाषेत ‘र’ने सुरू होणारे, रांगण्याचे स्वतंत्र क्रियापद असताना ही कसरत कशाला?