मेडेलिनसारखा फुलांचा उत्सव धुळ्यात भरवता येईल का?

कोलंबियातील मेडेलिन शहरासारखा वार्षिक फुलांचा उत्सव धुळ्यात भरवता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, पण त्या उत्सवात मान फुले वाहणाऱ्यांना आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. शहरालगतच्या सांता एलेना डोंगरावरील शेतकरी लाकडी चौकट पाठीला बांधून फुले विकायला शहरात येत. १९५७ साली उत्सव सुरू झाला तो त्यांच्याच मिरवणुकीने, आणि आजही दर ऑगस्टमध्ये हे ‘सिलेतेरो’ फुलांनी मढवलेल्या, काही तर सत्तर किलोंच्या घरातल्या चौकटी पाठीवर घेऊन चालतात, तेव्हा शहर त्यांना पाहायला रस्त्याच्या दुतर्फा उभे असते.

आमचे अण्णा आयुष्यभर झेंडू लावत आले. काही वर्षांपूर्वी एका मंडळाने पुष्पोत्सवासाठी आमच्याकडून फुले मागवली. घरातील सर्वांनी पहाटे तोडणी केली. दवाने ओली झालेली फुले क्रेटमध्ये काळी पडू नयेत म्हणून अण्णांनी ती गोणपाटावर पसरून निथळू दिली, आणि आईच्या बोटांवरचा हिरवा डाग दोन दिवस गेला नाही. मांडवापाशी पोहोचल्यावर ‘माल मागच्या बाजूने उतरवा’ असे सांगण्यात आले. त्याच फुलांचे हार पाहुण्यांच्या गळ्यात पडत होते, तेव्हा अण्णा मांडवामागे रिकामे क्रेट मोजत होते.

दादाचे म्हणणे असे, की पैसे रोख मिळाले, मग मान कशाला मागायचा? मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीला डोक्यावर घेऊन नदीवर निघालेल्या बाईला आपण सारे वाट करून देतो, तिला कोणी मागच्या बाजूने जायला सांगत नाही. शिवाय दसऱ्याला आवक वाढून भाव पडला, की हाच झेंडू रस्त्याकडेला ओतून परतावे लागते. त्या दिवशी दादाचे रोख पैसेही नसतात.

म्हणून समितीत आधी फूलउत्पादक आणि हार गुंफणाऱ्या बायका घ्याव्यात, पाहुणे नंतर ठरवावेत. एकवीरा देवीच्या मंदिरापासून पांझरेच्या काठाने मिरवणूक काढावी आणि फुले पिकवणारे सर्वांत पुढे असावेत. अर्थात परवानग्या, वर्गणी आणि पाऊसपाणी यांचा विचार करावाच लागेल, आणि मेडेलिनइतका पसारा पहिल्या वर्षी मांडू नये. मिरवणूक ठरली तर कळवावे. फुलांची पहिली पाटी अण्णांच्या शेतातली असेल आणि ती तेच घेऊन चालतील.